मोजून टाकलेलं मीठ

चिमूट हे माप बोटांवर अवलंबून असतं. बेसा गावातल्या एका शाळेच्या प्रयोगशाळेत शामला मॅडमनी सातवीच्या मुलांना एकेक चिमूट मीठ उचलून वजनकाट्यावर टाकायला सांगितलं, तेव्हा हे दिसून आलं. वैभवीची चिमूट पाव ग्रॅम भरली. गोलूची सव्वा ग्रॅम. गोलूने आपली बोटं उलटसुलट करून पाहिली. त्यांच्यात काही दोष दिसेना. मॅडमनी फळ्यावर लिहिलं, "चिमूट हे माप नाही," आणि खाली रेघ ओढली. त्या दिवसापासून सातवीत मीठ चिमटीने टाकणं बंद झालं.

शाळेत स्वयंपाकाचा तास तेव्हा "प्रयोग म्हणून" चालू होता. कडधान्य का भिजवायचं, कांदा कापताना सुरी कशी धरायची, गॅस कसा पेटवायचा, बिस्किटाच्या पुड्यामागची बारीक अक्षरं कशी वाचायची, असं बरंच काही मुलं शिकत होती. शिकलेलं घरी पोचायला वेळ लागत नव्हता. गोलूने एका जेवणात पापडाच्या पाकिटावरचं मिठाचं प्रमाण सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. आजीने पापड खाणं सोडलं नाही, गोलूला वाढणं सोडलं. वैभवीने काकाच्या साखरपुड्यात आचाऱ्याला विचारलं, की हे तेल कितव्यांदा तापतंय. तिला लवकर घरी नेण्यात आलं. मुलांच्या आया मॅडमकडे तक्रार करायला येत आणि तक्रारीच्या शेवटी अभिमानाने हसत.

अडचण वेळापत्रकाची होती. हा तास शनिवारच्या तिसऱ्या तासाच्या जागी उसना घेतलेला होता आणि तो तिसरा तास म्हणजे मुख्याध्यापक रुपराव सरांचं जादा गणित. तो कायमचा द्यायचा की परत घ्यायचा, हे सरांना ठरवायचं होतं. शामला मॅडम गेल्या दिवाळीपासून विचारत होत्या, "सर, तासाचं काय?" आणि सर गेल्या दिवाळीपासून सांगत होते, "पाहून राहिलो ना मॅडम." सरांनी नाही कधी म्हटलं नाही. हो म्हणण्याची वेळही कधी येऊ दिली नाही. वाक्य तेच ठेवून इतके महिने काढणं हे सोपं काम नाही.

शेवटी सरांनीच तोडगा काढला. शनिवारी पालकांना बोलवा, मुलांना त्यांच्यासमोर काहीतरी करून खाऊ घालू द्या, काय ते मी त्याच दिवशी सगळ्यांसमोर सांगतो. जमलं नाही तर मुलं पुन्हा गणिताला बसतील, हे त्यांनी जाताजाता सांगितलं. शामला मॅडमना त्याच्या पुढचंही दिसत होतं. यंदा तास गेला, की शेगडी आणि भांडी खेळाच्या सामानाच्या खोलीत जातील, आणि त्या खोलीत गेलेली वस्तू शाळेत पुन्हा कोणी पाहिलेली नव्हती.

मुलांनी मतदान करून तर्रीपोहे, म्हणजे पोह्यांवर चण्याचा झणझणीत रस्सा, निवडले. चित्रकलेचे धम्मानंद सर हे ऐकून काळजीत पडले. "मॅडम, दुसरं काही बिघडलं तर लोक चालवून घेतात," ते म्हणाले. "तर्री म्हटलं की आपल्या इथं प्रत्येक माणूस परीक्षक आहे."

मॅडमनी कृती पायरीपायरीने फळ्यावर लिहिली. रुपराव सर दारातून वाचत होते. शेवटून दुसऱ्या ओळीशी ते थांबले.

"चाखून पाहणे? नैवेद्याच्या आधी?"

शाळेत जे काही शिजेल, मग ती सव्वीस जानेवारीची बुंदी असो की स्नेहसंमेलनाचा चिवडा, त्याचं पहिलं ताट सरस्वतीच्या फोटोपुढे जायचं आणि तोवर कोणी जिभेला लावायचं नाही, हा सरांचा नियम होता. मॅडमनी वाद घातला नाही. त्यांनी स्वतःच डस्टर उचललं आणि ती ओळ पुसली. पुसताना त्या थोड्या अभिमानानेच म्हणाल्या, "मोजून टाकलं की चाखायची गरज नाही, सर." हे वाक्य त्यांना पुढे बऱ्याचदा आठवलं.

शनिवारी सकाळी शाळेच्या मागच्या शेडमध्ये, जिथे रोज मुलांची खिचडी शिजते तिथे, गंज म्हणतात त्या मोठ्या पातेल्यात तर्री शिजली. चणे आदल्या रात्री भिजवलेले होते. गोलूने कांदा कापताना पोहण्याचा चष्मा लावला होता. मसाला वैभवीकडे आणि मीठ गोलूकडे होतं. त्याने मीठ काट्यावर तोललं आणि रेल्वेच्या स्टेशनावर गाडी सांगतात त्या आवाजात जाहीर केलं, "नव्वद ग्रॅम." सगळ्या वर्गाने तो आकडा एकासुरात परत म्हटला. मीठ गंजात पडलं, झाकण बसलं, गॅस बारीक झाला आणि मॅडम मुलांना हात धुऊन टोप्या घालायला सभागृहाकडे घेऊन गेल्या. शेडवर लक्ष ठेवायचं काम धम्मानंद सरांना दिलं होतं. सर खुर्च्या उतरवून येतो म्हणाले आणि थोडे उशिरा पोचले.

त्याआधी वच्छलाबाई आल्या. शाळेची खिचडी त्याच करतात. मिठाची रिकामी वाटी त्यांनी पाहिली, मग गंजाकडे पाहिलं, आणि पुन्हा वाटीकडे. एवढ्या मोठ्या गंजाला एवढंसं मीठ. मॅडम शिकलेल्या आहेत, बिचाऱ्या मनाने चांगल्या आहेत, पण एवढ्या लोकांचं त्यांनी कधी केलेलं नाही. चाखायची तर बंदी. वच्छलाबाईंनी बरणी उघडली, मूठभर मीठ टाकलं, ढवळलं आणि कोणाला काही न सांगता पोहे भिजवायला गेल्या. पोरांची फजिती होऊ नये, एवढीच त्यांची इच्छा होती.

गोलूची आई गोपिकाताई वेळेच्या आधीच आल्या आणि सभागृहाऐवजी वासाच्या दिशेने गेल्या. मीठ आपल्या मुलाकडे दिलंय हे त्यांना ठाऊक होतं. हा मुलगा मागच्याच आठवड्यात दप्तर घरी ठेवून शाळेत आला होता. त्याला जाऊन विचारावं तर चारचौघांत त्याचा अपमान. न विचारावं तर तर्री अळणी. बरणी समोरच होती. आईची मूठ जरा सढळच पडली.

मग धम्मानंद सर आले. रविवारचा रस्सा त्यांच्या घरी तेच करतात आणि त्याची कीर्ती नातेवाइकांत आहे. त्यांच्या घरी नैवेद्याचा प्रश्न नसतो, पण शाळेचा नियम तो नियम, म्हणून त्यांनी चाखलं नाही. त्यांनी डाव बुडवून वर उचलला आणि रस्सा कसा ओघळतो हे चित्रकाराच्या नजरेने पाहिलं. रंगावरून त्यांना मीठ कमी वाटलं.

गॅस बंद केलाय ना, हे पाहायला रुपराव सरही एक चक्कर मारून गेले. त्यांनी धम्मानंद सरांना खुर्च्या मोजायला पाठवलं.

हे सगळं अत्यंत मायेने झालं आणि प्रत्येकाने आपल्याला कोणी पाहत नाही याची खबरदारी घेतली. एकाने जरी दुसऱ्याला पाहिलं असतं, तरी काम एका मुठीत भागलं असतं.

नैवेद्य झाला. टोप्या घातलेल्या मुलांनी माहिती सांगितली, वैभवी चण्यातल्या लोहाबद्दल आणि लिंबाबद्दल न अडखळता बोलली, टाळ्या पडल्या. मग प्लेटा वाटल्या गेल्या आणि सगळ्यांनी पहिला घास घेतला.

लोक एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागले. गोपिकाताईंनी घास गिळला आणि आपल्या मुलाकडे अपार दयेने पाहिलं. वच्छलाबाई दाराबाहेर पाहू लागल्या. धम्मानंद सर छताच्या पंख्याकडे. "मस्त झालं," एक पालक म्हणाले आणि त्यांनी पाणी मागितलं. त्यांच्या शेजारच्यांनीही मस्त म्हणून पाणी मागितलं. शामला मॅडमनी अजून खाल्लेलं नव्हतं, पण तर्रीपेक्षा पाण्याच्या पिंपाची पातळी वेगाने उतरतेय, हे त्यांनी टिपलं. त्यांनी वैभवीला जवळ बोलावून चव सांगायला सांगितली. चव सांगताना आधी काय लागलं, मग काय लागलं, असं क्रमाने सांगायचं, हे त्यांनीच शिकवलं होतं.

"मॅडम, आधी खारट लागते," वैभवी म्हणाली. "मग खारट लागते. मग चण्याचं काही समजून नाही राहिलं."

सगळा वर्ग गोलूकडे वळला.

"काहून बे, किती टाकलं?"

"नव्वद. तुम्हीच तर ओरडले होते ना सगळे."

गोलू धावत जाऊन काटा घेऊन आला आणि त्याने सगळ्यांसमोर त्यावर शंभर ग्रॅमचं वजन ठेवलं. काट्याने शंभर दाखवले. काटा बरोबर आहे म्हटल्यावर चूक गोलूचीच, अशी लोकांची खात्री पटली. चौकड्यांचा शर्ट घातलेले एक पालक म्हणाले, की पोट्ट्यांच्या हाती हे असं देतच नसतात मॅडम, मिठाचा अंदाज यायले उमर लागते. रुपराव सरांनी आपली प्लेट खुर्चीखाली सरकवली, उभे राहिले आणि घसा साफ केला. तो घसा शामला मॅडमच्या ओळखीचा होता. त्यानंतर "मुलं अजून लहान आहेत" हे वाक्य येतं.

"सर, थोडा वेळ द्या," मॅडम म्हणाल्या. "दुरुस्त होण्यासारखं आहे."

सर नवल वाटावं इतक्या चटकन खाली बसले.

रश्श्यातलं मीठ काढता येत नाही, बाकी सगळं वाढवता येतं, हे मॅडमनी मुलांना समजावलं. त्यांनी एक चमचा चाखला, डोळे मिटून थोडा वेळ थांबल्या आणि म्हणाल्या, की मीठ हवं त्याच्या चौपट आहे. वैभवीने लगेच सांगितलं, मग चार गंज नवी तर्री करायची. "चार नाही, तीन," गोलू हळूच म्हणाला. "एक आपल्यापाशी आहे ना." रुपराव सरांनी मान वर करून पाहिलं. गुणोत्तराचं उदाहरण गोलूकडून बरोबर सुटलेलं त्यांनी याआधी पाहिलं नव्हतं.

तीन गंज तर्रीला चणे आणि बटाटे आणायचे कुठून? गोपिकाताईंनी पालकांच्या ग्रुपवर टाकलं, "शाळेत उकडलेले बटाटे अन् चणे लागून राहिले, बिनमिठाचे, अर्जंट." निरोप पुढे पुढे जात राहिला. आजूबाजूच्या सगळ्या सोसायट्यांत तो पोचेपर्यंत त्यातला "बिनमिठाचे" हा शब्द कोणीतरी गाळला होता, आणि आणखी पुढे कोणीतरी "मुलं उपाशी" हे शब्द घातले होते. बेस्यातले लोक स्कुटीवर कुकर घेऊन आले. बटाट्यांचा ढीग झाला. मॅडमनी मीठ लागलेले बटाटे वेगळे काढायला दोन मुली बसवल्या. एकाने केळी आणली. एका सोसायटीतून चादरी आल्या. एका काकांनी फोन करून विचारलं, की शाळेत पाणी शिरलं काय.

मोठी माणसं इतकी मदत करत होती, की मॅडम बुचकळ्यात पडल्या. गोपिकाताईंनी न सांगता कांद्याचा ढीग चिरला. वच्छलाबाईंनी पुन्हा पोहे भिजवले आणि मुलांना उगाचच जवळ घेतलं. धम्मानंद सर बटाटे सोलत होते. चौकड्यांच्या शर्टाचे पालक दोन दुकानांतले सगळे पोहे उचलून आले. रुपराव सरांनी बाह्या वर करून पाण्याच्या बादल्या वाहिल्या, जे शाळेच्या इतिहासात कधी घडलं नव्हतं. अपघाताच्या मानाने हा उत्साह जास्त आहे, एवढं मॅडमच्या लक्षात आलं. कारण लक्षात आलं नाही.

आता तर्री चार गंज झाली. ती खायला शाळेतले बाकीचे वर्ग आले, व्हॅनवाले आले, शेजारच्या बांधकामावरचे मजूर आले, चादरी आणणारेही बसले. नैवेद्य आधीच होऊन गेल्यामुळे चाखायला आता आडकाठी नव्हती. वैभवीने चाखलं.

"मॅडम, आता जरासं कमी आहे."

बटाटे जास्त पडले होते. "कोणीतरी थोडं मीठ टाका," मॅडम म्हणाल्या.

बरणी टेबलावर सगळ्यांच्या मधोमध होती. कोणी हललं नाही. वच्छलाबाईंना पोहे आठवले. गोपिकाताई म्हणाल्या, की माझे हात ओले आहेत वं. धम्मानंद सरांनी डावाच्या दांड्याने बरणी रुपराव सरांच्या बाजूला ढकलली आणि रुपराव सरांनी दोन्ही हात पाठीमागे नेले. शेवटी गोलूच पुढे आला. त्याने मीठ तोललं, आकडा सांगितला, पण तोंडातल्या तोंडात. या वेळी त्याच्यामागून कोणी म्हटला नाही.

तर्री चांगली झाली. लोकांनी दोनदा मागून घेतली. मजुरांपैकी एकाने उद्या पण आहे काय म्हणून विचारलं.

पण निकाल राहिला होता. प्लेटा उचलल्यावर रुपराव सर उभे राहिले. त्यांनी मुलांचं कौतुक केलं, मदतीला आलेल्यांचे आभार मानले, चादरी कोणाच्या आहेत त्यांनी घेऊन जाव्यात असं सांगितलं. मग त्यांचा आवाज हळू झाला. तर्री सुधारली ते ठीक, पण आधी बिघडली ती बिघडलीच, काटा वाचण्यात चूक झाली असेल, मुलांचं वयच तसं आहे, तेव्हा तासाबद्दल अजून थोडा विचार...

"सर, मी नव्वदच टाकलं होतं," गोलू म्हणाला. टोपी त्याने हातात घट्ट धरली होती. त्याची आई मागच्या रांगेत आपल्या पर्सची चेन उघडत होती आणि लावत होती.

मघाशी मोठ्यांपैकी कोणीच बरणीला हात लावला नव्हता, हे आठवून शामला मॅडम उठल्या. त्यांनी सुचवलं, की सर वर्गात करतात तसं करू या. वर्गात काच फुटली किंवा कोणाचा डबा गायब झाला, की सर सगळ्यांना डोळे मिटायला लावत. ज्याने केलं त्याने हात वर करायचा, बघणार फक्त सर, आणि नाव सर कोणाला सांगणार नाहीत. हा उपाय आजवर चुकला नव्हता.

"आज गंजात ज्यांनी ज्यांनी मीठ टाकलं, त्यांनी हात वर करायचा," मॅडम म्हणाल्या. "मोठ्यांनीसुद्धा."

"मोठ्यांनीसुद्धा?" कोणीतरी हसत विचारलं. ते हसू फार टिकलं नाही.

सरांनी क्षणभर मॅडमकडे पाहिलं. पण पद्धत त्यांचीच होती. "मिटा डोळे," ते म्हणाले.

सभागृहाने डोळे मिटले. शामला मॅडमनी मिटले नाहीत. डोळे मिटून निरीक्षण होत नाही, हे त्यांच्या अंगात इतकं मुरलेलं होतं, की आपण नियम मोडतोय हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

पहिला हात गोलूचा होता, सरळ आणि ताठ. टाकलं तर त्यानेही होतंच. मग मागच्या रांगेत गोपिकाताईंचा हात खांद्यापर्यंत आला, थांबला आणि वर गेला. दाराशी वच्छलाबाईंचा हात वर झाला, त्यात डाव तसाच होता. धम्मानंद सरांच्या बोटाला बटाट्याचं साल चिकटलेलं होतं. आणि चौकड्यांच्या शर्टाची बाहीसुद्धा वर गेली. ते गृहस्थ हात धुवायची जागा शोधत शेडमध्ये कधी जाऊन आले, हे कोणालाच माहीत नव्हतं.

रुपराव सरांनी रांगेरांगेने पाहिलं. त्यांचे ओठ मोजत होते. मोजून झाल्यावर त्यांनी एकदा दाराकडे पाहिलं, एकदा सरस्वतीच्या फोटोकडे. मग त्यांचा उजवा हात चष्मा नीट करायला निघाल्यासारखा कानापर्यंत गेला. तिथे जरा वेळ राहिला. सर नियमाचे पक्के होते. हात पूर्ण वर गेला.

तेव्हा त्यांना मॅडमचे उघडे डोळे दिसले.

पंखा फिरत होता. मग शामला मॅडमनी, सगळ्यांनी केव्हाच मिटले होते तसे, आपले डोळे मिटून घेतले आणि पुढचं त्यांनी फक्त ऐकलं. घसा साफ केल्याचा आवाज आला, आणि बऱ्याच वेळाने, "उघडा डोळे."

हात खाली गेलेले होते. सगळे कमालीचे निष्पाप दिसत होते.

"गोलूचं वजन बराबर होतं," सर म्हणाले.

गोलूने टोपी डोक्यावर घातली. मग टाकलं कोणी, असं मुलांनी विचारलं. ते कोणाले सांगाचं नसते, असं सरांनी सांगितलं. चौकड्यांचा शर्ट मान डोलावून म्हणाला, की नियम तो नियम.

"सर," शामला मॅडमनी विचारलं, गेल्या दिवाळीपासून विचारत होत्या त्याच सुरात, "तासाचं काय?"

रुपराव सरांनी चष्मा काढला, रुमालाने पुसला, उजेडाकडे धरून पाहिला. पुसण्यासारखं आता काही उरलं नव्हतं.

"शनिवारचा तिसरा तास स्वयंपाकाचा. पक्का," ते म्हणाले. "अन् गंज गॅसवर असला की मोठ्या माणसांनी तिकडे फिरकाचं नाही." मग मॅडमकडे न पाहता ते म्हणाले, "मीपण नाही."